थांबण्याचेही भाडे पडते

आपल्या भाषेत एकमेकींचे म्हणणे खोडून काढणाऱ्या म्हणी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ‘थांबला तो संपला’ असे एक बजावते, तर ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणून दुसरी खिजवते. निर्णयाची वेळ आली की मन आधीच जिकडे कलले असेल तिकडची म्हण काढायची आणि तिच्या आधाराने मोकळे व्हायचे, ही आपली जुनी रीत. आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र एक प्रश्न असा आहे की, तेथे या दोन्ही म्हणी सारख्याच जोराने ओरडतात आणि विद्यार्थी बिचारा मधल्यामध्ये उभा राहतो. प्रश्न असा : खेळण्यासाठी वापरायचा जुना संगणक आताच सुधारून घ्यावा, की आणखी थोडे थांबावे?

हे वाचून आमच्या प्राध्यापकवर्गापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. वार्षिकात लिहायला विषयांचा काय दुष्काळ पडला होता, असेही कोणी म्हणेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, प्रश्न लहान असला तरी त्याची घडण मोठ्या प्रश्नांसारखीच आहे. ‘आणखी एक प्रयत्न करून पाहतो’ म्हणत स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षामागून वर्ष घालवणारा आपला माजी विद्यार्थी आणि ‘भाव उतरले की घेऊ’ म्हणत तीन वर्षे त्याच रखडणाऱ्या संगणकापुढे बसलेला आजचा विद्यार्थी, हे दोघे एकाच दुखण्याने आजारी आहेत. थांबण्याला दोघांकडेही कारण आहे. मुदत मात्र एकाकडेही नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की, खेळ ही चैन. आणि चैनीचा एवढा हिशेब कशाला मांडायचा? माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. गरजेची वस्तू माणूस नाइलाजाने घेतोच. हिशेब मांडावा लागतो तो आवडीच्याच वस्तूचा. शिवाय हे खेळ म्हणजे निव्वळ धडाधड गोळ्या झाडणे अशी समजूत असेल तर तीही तपासून पाहावी. २०१९ साली आलेला ‘डिस्को एलिसियम’ हा खेळ एका एस्टोनियन कादंबरीकाराच्या पुढाकाराने घडला. तो जवळजवळ सगळा संवादांचा आहे, आणि वाचनाची सवय नसलेल्याला तो पेलणार नाही. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या बहिणीची ती गोष्ट आहे. जो नाटकाला जातो, कादंबरी वाचतो आणि कॅरमची सोंगटी हातात धरतो, त्याच माणसाला हे सारे आवडते. तेव्हा या आवडीबद्दल कोणापुढे ओशाळे होण्याचे कारण नाही. घरातून आलेल्या किंवा शिकवण्या करून साठवलेल्या पैशाचा जाब मात्र स्वतःला द्यावा लागतो, आणि तोच येथे द्यायचा आहे.

कल्पनेतल्या यंत्रावर बोलण्यापेक्षा एक खरेखुरे यंत्र समोर घेऊ. माझ्या मामेभावाने २०१७ साली जुळवून घेतलेला संगणक पुढे माझ्याकडे आला. त्यात एएमडी कंपनीचा रायझेन ५ १६०० हा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एनव्हीडियाचे चार जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक कार्ड आणि एक फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. वसतिगृहातील खोल्याखोल्यांत याच वयाची आणि याच कुवतीची यंत्रे आढळतील. ती बंद पडलेली नाहीत. टंकलेखन, प्रकल्प, चित्रपट सारे त्यांवर होते. पण नव्या खेळाचे नाव काढले की ती धापा टाकू लागतात.

आता बाजार आणि मित्र मिळून काय सांगतात ते ऐकू. ‘अरे, थांब की! नवीन कार्डे येताहेत, जुन्यांचे भाव पडतील.’ हा सल्ला देणारा खोटे बोलत नाही. तो एका जुन्या अनुभवावर विसंबलेला असतो. १९६५ साली गॉर्डन मूर या तज्ज्ञाने असे निरीक्षण मांडले की, एका चकतीवर बसणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ साली त्यांनीच ते सुधारून दुपटीचा काळ दोन वर्षांचा धरला. पुढे कित्येक दशके संगणकाच्या गिऱ्हाइकाची समजूत याच चालीवर घडली. जो थांबेल त्याला तेवढ्याच पैशात अधिक मिळेल, हा जणू निसर्गनियमच झाला. २०१६ सालचे जीटीएक्स १०६० हे मध्यम किमतीचे कार्ड तिच्या आधीच्या पिढीतील महागड्या जीटीएक्स ९८० च्या तोडीचे निघाले, तेव्हा हा नियम डोळ्यांनी दिसतही होता.

पण नियम म्हातारे होतात. त्याच मालिकेचा पुढचा प्रवास पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० ची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती आणि त्यावर बारा जीबी स्मृती होती. जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० ची किंमत २९९ डॉलर. स्मृती आठ जीबी. मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० ची किंमत पुन्हा २९९ डॉलर आणि स्मृती पुन्हा आठच जीबी. वेग वाढला, हे खरे. परंतु चार वर्षे डोळ्यांत तेल घालून थांबलेल्याला ज्या छप्परफाड लाभाची आशा होती, तो काही झाला नाही. थांबणाऱ्याला बाजार पूर्वी घसघशीत व्याज देत असे. ते व्याज आता बरेच आटले आहे.

आणि कधी कधी तर मुद्दलालाच हात लागतो. येथे दोन वर्षे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. २०२१ साली करोनाच्या काळातील मागणी, कारखान्यांची ओढाताण आणि आभासी चलनाच्या खाणकामासाठी होणारी खरेदी, या तिहींमुळे ग्राफिक कार्डे जाहीर किमतीच्या दीडपट-दुपटीला विकली जात होती. त्या वेळी जो म्हणाला, ‘थांबू, उतरेल’, तो शहाणा ठरला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धतच बदलली, तिला ग्राफिक कार्डांची गरज उरली नाही, आणि खाणकामातून निघालेली कार्डे ढिगाने जुन्या बाजारात आली.

आता २०२५ चा मध्य घ्या. रॅमचे भाव बेताचे होते, आणि तेव्हाही एक जण म्हणाला, ‘थांबू, आणखी उतरेल.’ त्या वर्षाच्या अखेरच्या काही महिन्यांत हेच भाव दुप्पट-तिप्पट झाले. कारण असे की, जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रोन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या अवाढव्य केंद्रांना लागणारी महागडी स्मृती बनवण्यात त्यांना अधिक नफा दिसला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोनने तर ‘क्रुशल’ या नावाने सामान्य गिऱ्हाइकांना होणारी आपली विक्री बंद करण्याचेच जाहीर केले. या खेपेला थांबणारा फसला.

या दोघांचा तर्क अक्षरशः एकच होता, हे लक्षात घ्यावे. एक शहाणा ठरला आणि दुसरा फसला तो तर्कामुळे नव्हे. करोना, आभासी चलन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या तिन्ही गोष्टी त्यांच्या खोलीच्या बाहेर घडत होत्या. लॅमिंग्टन रोडवरचा मुरलेला दुकानदारसुद्धा ‘साहेब, हा भाव आजचा, उद्याचा उद्या’ एवढेच म्हणतो. ज्याचा सारा जन्म त्या धंद्यात गेला तो जेथे हात टेकतो, तेथे तृतीय वर्ष कलेच्या विद्यार्थ्याने रात्री दोन वाजेपर्यंत जागून पुढच्या दिवाळीचे भाव वर्तवावेत, हे मला तरी ज्योतिषाहून फारसे वेगळे वाटत नाही.

मग आताच घ्यावे, असे मी म्हणतो की काय? तसेही नाही. ‘आताच घे’ म्हणणारा पक्षही काही कमी चतुर नसतो. त्याच्या हाती तारखांचा कोरडा असतो. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेपुरती दिलेली वाढीव मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ च्या मान्य यादीत रायझेनची पहिली पिढी नाही. एनव्हीडियाने १०५० टीआयच्या पिढीला नव्या खेळांसाठी दिली जाणारी साथ ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली. सुरक्षेपुरती दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळेल, असे सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा खेळ तर जुन्या धर्तीच्या कार्डावर चालतच नाही, कारण प्रकाशकिरणांचे गणित करणारी खास यंत्रणा त्याला कार्डातच लागते. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. त्या ऐकून मुलगा घाबरतो, आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला कॅबिनेटपासून मॉनिटरपर्यंत सगळेच नवे घ्यावेसे वाटते. दुकानदाराला यापरते आणखी काय हवे?

माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात. ‘संगणक’ ही एक अखंड वस्तू आहे आणि ती घ्यायची किंवा न घ्यायची असा एकच निर्णय आहे, असे ते धरून चालतात. वास्तविक जुळवून घेतलेला संगणक हा बैलगाडीसारखा असतो. चाकाची धाव झिजली म्हणून कोणी बैल विकत नाही, आणि बैल थकला म्हणून साटी मोडून चुलीत घालत नाही. तेव्हा पहिला प्रश्न ‘आता की नंतर’ हा नसून ‘अडते कोठे’ हा आहे.

हे शोधायला पदवी लागत नाही. आपला नेहमीचा खेळ लावावा आणि पडद्यावरील चित्राची बारकाई १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावी. दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या चांगली वाढली, तर अडथळा ग्राफिक कार्डाचा आहे. ती होती तेथेच राहिली, तर प्रोसेसर थकला आहे. खेळ मध्येच आचके देत असेल, रॅम काठोकाठ भरलेली दिसत असेल आणि हार्ड डिस्कचा दिवा सतत जळत असेल, तर दोष त्या दोघींचा. आणि दहा मिनिटे ठीक चालून मग यंत्र मंदावत असेल, तर एकही रुपया खर्च करण्यापूर्वी कॅबिनेट उघडून आतली धूळ काढावी, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलावा. आपल्याकडच्या धुळीत आठ वर्षे राहिलेल्या यंत्राला एवढ्यानेही पुष्कळदा तरतरी येते.

आमच्या त्या २०१७ सालच्या संगणकाला हीच फूटपट्टी लावून पाहिली. हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवणे हा खर्च सर्वांत आधी करावा, कारण त्याचा लाभ खेळाइतकाच रोजच्या कामातही होतो. आठ जीबी रॅम अपुरी आहे. तिला आणखी आठची जोड हवी. भाव चढलेले असले तरी आठ जीबीचा चढ सोसवतो; नव्या संगणकासाठी बत्तीस जीबी घेणाऱ्याचे मात्र कंबरडे मोडते. प्रोसेसरची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी आहे. एएमडीने एएम४ हे बैठकीचे माप २०१७ साली रायझेनला दिले आणि एप्रिल २०२२ मध्येही त्याच मापाचे रायझेन ५ ५६०० आणि ५८००एक्स३डी हे प्रोसेसर आणले. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने बायॉसची सोय केली असेल, तर पाच वर्षांनंतरचा प्रोसेसर त्याच जुन्या बोर्डावर बसतो आणि त्याबरोबर विंडोज ११ चा अडसरही दूर होतो. नवीन एएम५ मापाकडे जायचे म्हटले की बोर्ड नवा, प्रोसेसर नवा आणि रॅमही डीडीआर५ जातीची नवी. म्हणजे रॅम महाग असताना नेमके तिलाच ओलीस जायचे.

राहिले ग्राफिक कार्ड. तेथे जुन्या बाजाराचा विचार करण्यास हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. कार्ड आपल्यासमोर निदान अर्धा तास भारी खेळावर चालवून घ्यावे, पंख्यांची घरघर ऐकावी, बिल आणि उरलेली हमी पाहावी. आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे एसएमपीएस. १०५० टीआय अवघ्या पंचाहत्तर वॅटवर भागवते. ३०६० ला एकशे सत्तर वॅट लागतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसवर असले कार्ड चढवणे म्हणजे मोडक्या खाटेवर पहिलवान बसवणे. आपल्या गावाकडे विजेचा दाब कसा नाचतो ते मी सांगायला नको. स्वस्तात मिळालेल्या कार्डाने मदरबोर्डासकट राम म्हटला, तर त्या स्वस्ताईला काय चाटायचे आहे?

अडते कोठे हे कळले की मग ‘केव्हा’ या प्रश्नाकडे वळता येते. तेथे मी माझ्या विषयाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा, थोडा आधार घेतो. समजा, छत्तीस हजार रुपयांचा संगणक घेतला आणि तो पाच वर्षे वापरला. म्हणजे साठ महिने. महिन्याला सहाशे रुपये. एवढ्या किमतीचे सुख तो दरमहा देतो असे घेणाऱ्याला वाटते, म्हणून तर तो घेतो. आता समजा, सहा महिने थांबल्यास तीन हजार रुपये वाचतील अशी आशा आहे. म्हणजे थांबण्याची मजुरी महिन्याला पाचशे रुपये. ज्याच्याकडे आज काहीच यंत्र नाही, तो पाचशे मिळवण्यासाठी दरमहा सहाशेचे सुख सोडतो. त्याने थांबू नये. परंतु ज्याच्या जुन्या यंत्रावर आजही बारा आणे मजा येते, त्याचे नुकसान महिन्याला उरलेल्या चार आण्यांचे, म्हणजे दीडशे रुपयांचेच आहे. त्याने खुशाल थांबावे.

हे जे दरमहा सुटणारे सुख, त्याला मी थांबण्याचे भाडे म्हणतो. ते कोणी पावती फाडून मागत नाही, म्हणून आपण ते नाहीच असे समजतो. ‘थांबायला काय पैसे पडतात?’ असे मित्र विचारतो तेव्हा उत्तर द्यावे, ‘पडतात, फक्त ते खिशातून जात नाहीत, दिवसांतून जातात.’ आणि या हिशेबात एक गोष्ट स्पष्ट दिसते. थांबणे स्वस्त की महाग, हे उद्याच्या बाजारावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते आज आपल्या टेबलावर असलेल्या यंत्रावर अवलंबून आहे. बाजार आपल्या हाती नाही. टेबल मात्र आपले आहे. म्हणूनच आज थोड्या खर्चात जुने यंत्र बरे करून घेतले की थांबण्याचे भाडेच उतरते, आणि मग मोठ्या खरेदीसाठी थांबणे परवडू लागते. दुरुस्ती आणि प्रतीक्षा या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. दुरुस्तीमुळेच प्रतीक्षा सुसह्य होते.

आमच्या विभागातील एखादे सर येथे हटकतील : ‘खरेदी सहा महिने पुढे गेली तर यंत्राचे आयुष्यही सहा महिने पुढे जाईल. मग नुकसान कसले?’ मुद्दा बिनतोड आहे, पण तो सगळे महिने सारखे धरतो. विद्यार्थ्याचे महिने सारखे नसतात. रात्री जेवण आटोपल्यावर एका खोलीत चार संगणक जोडून, भिंतीपलीकडून एकमेकांना शिव्या घालत खेळणारी ही चौकडी परीक्षेनंतर चार दिशांना जाणार आहे. एक पुण्याला, एक भावाच्या दुकानात, एक पोलीस भरतीच्या मैदानावर. भाव उतरलेले उत्तम यंत्र दोन वर्षांनी माझ्या घरी येईलही. तेव्हा ते लावून मी खेळणार कोणाबरोबर? बाजारात रॅम पुन्हा स्वस्त होईल. हे वर्ष काही पुन्हा विक्रीला येणार नाही.

आणि याच कारणासाठी उलट बाजूही पाहिली पाहिजे. ही चौकडी जे खेळ खेळते, त्यांना लाखाचे यंत्र लागत नाही. ‘व्हॅलोरंट’ साध्या यंत्रावरही चालतो. २०१५ सालचा ‘विचर ३’, २०१६ सालचा ‘स्टारड्यू व्हॅली’, २०२० सालचा ‘हेडीस’ हे खेळ आमच्या जुन्या कार्डावर थोड्याफार तडजोडीने सुरेख चालतात आणि स्टीमवर सवलतीच्या दिवसांत मूळ किमतीच्या अंशात मिळतात. जो माणूस आनंदाने बाजाराच्या चार वर्षे मागून चालतो, त्याला खेळ स्वस्त, कार्ड स्वस्त आणि खेळांतील चुकाही तोवर दुरुस्त झालेल्या. ज्ञानपीठविजेती कादंबरी आपण प्रकाशनाच्या दिवशीच वाचली पाहिजे, असा हट्ट आपण धरत नाही. ग्रंथालयातील जुनी प्रत आपल्याला पुरते. मग खेळाच्याच बाबतीत एवढी घाई का?

घाईचे खरे कारण खेळात नसते. ते पाहण्यात असते. माझ्या ओळखीत असे कित्येक जण आहेत की, जे रात्रीचे दोन तास कार्डांच्या तुलनेचे चलच्चित्रपट पाहण्यात घालवतात आणि मग खेळायला वेळ उरला नाही म्हणून झोपतात. त्यांना अमुक कार्ड तमुक खेळात किती चित्रे देते हे तोंडपाठ असते. मात्र तो खेळ त्यांनी अर्ध्यातच टाकलेला असतो. हे थांबणेही नव्हे आणि घेणेही नव्हे. हे घोंगडे भिजत घालणे आहे. ते दिवसेंदिवस जड होते आणि अंगावर घेण्याच्याही उपयोगाचे राहत नाही.

म्हणून माझे मत थोडक्यात असे. थांबायचे असेल तर जरूर थांबावे; पण थांबणे हा ठराव असला पाहिजे, आणि ठरावात कारण आणि मुदत दोन्ही लिहिलेली असली पाहिजेत. ‘भाव उतरले की’ ही मुदत नव्हे. ‘पुढची शिष्यवृत्ती हाती आली की’, ‘पदव्युत्तर प्रवेशाची फी भरून झाली की’, ‘मला खरोखर खेळायचा असलेला एखादा खेळ या यंत्रावर सुरूच होईना झाला की’, या मुदती आहेत. मुदत ठरली की मधल्या काळात भावांची विचारपूस बंद करावी. जे आज अडते आहे आणि झेपण्यासारखे आहे, ते आज बदलावे. जे अडत नाही त्याला हात लावू नये. आणि घेतल्यावर दुसऱ्या दिवशी भाव उतरला तरी हळहळू नये, कारण आपण भाव घेतलेला नसतो, वापर घेतलेला असतो.

माझ्यापुरता ठराव झालेला आहे. दहावीच्या मुलांच्या शिकवण्यांतून साठलेल्या छत्तीस हजारांपैकी साधारण निम्म्यात एसएसडी, रॅमची जोड, त्याच बोर्डावर बसणारा प्रोसेसर, नावाजलेला एसएमपीएस आणि पारखून घेतलेले जुने कार्ड, एवढे करायचे. उरलेली रक्कम एम.ए.च्या प्रवेशासाठी बाजूला. संपूर्ण नवा संगणक एम.ए.चे पहिले वर्ष पुरे होईपर्यंत नाही; मग तोवर एनव्हीडिया काहीही जाहीर करो. हा ठराव प्रत्येकाला लागू पडेल असे नाही. ज्याचा मदरबोर्डच गेला आहे त्याने वेगळे ठरवावे, आणि ज्याच्या घरी बहिणीची फी थकली आहे त्याने तर आणखी वेगळे. पण ठरवावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. परंतु अंथरुणाकडे नुसते पाहत रात्रभर उभे राहावे, असे कोणत्याही म्हणीत सांगितलेले नाही.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)